आमच्या चिरंजीवांचं हरीण : शिंगं अधिकृतपणे मोजून घेण्याचा अनुभव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहून नोव्हेंबरात हरणाचा विषय टाळणं अवघड आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो. ऑफिसं निम्मी रिकामी होतात, पेट्रोल पंपावर भडक केशरी जॅकेटांची गर्दी होते. आम्ही बरीच वर्षं हे सगळं लांबून बघत होतो. २०२३ मध्ये ते थेट घरात आलं, कारण आमचे चिरंजीव, वय वर्षं पंधरा, शेजारच्या आजोबांबरोबर शिकारीला जायचं म्हणून हटून बसले.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मी कराडचा. बंदूक कधी हातात धरलेली नाही, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात शिकार म्हणजे गुन्हा हे पक्कं बसलेलं असतं. पण घरात मटण आवडीने खाल्लं जातं, त्यामुळे पोराला कोणत्या तोंडाने नको म्हणणार? बायकोने एकच अट घातली : जे मारशील ते घरात शिजेल, नुसत्या शिंगांसाठी जायचं नाही. शेवटी मांस तर शिजलंच, पण शिंगांचंही प्रकरण झालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. शिंगं मोजून घेण्याची ही पद्धत मला नीट कळायलाच दोन महिने लागले. इतर कुणा आईबापांवर ही वेळ आली तर त्यांना थोडं सोपं जावं म्हणून लिहितो आहे.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचं लायसन्स मिळत नाही. आमच्या मुलाने तो उन्हाळ्यातच करून टाकला. फी १० डॉलर. बंदूक कशी धरायची यापेक्षा कधी चालवायची नाही यावरच त्यात जास्त भर होता, ते ऐकून आम्हा दोघांना जरा हायसं वाटलं. राज्यातल्या रहिवाशाने पहिल्यांदाच लायसन्स काढलं तर ते ५ डॉलरमध्ये मिळतं. खर्च खरा कपड्यांचा होतो. केशरी जॅकेट, बूट, हातमोजे यात दीडशे डॉलर कधी गेले कळलं नाही. रायफल आजोबांची होती.

रविवारी, १९ नोव्हेंबरला सकाळी आठच्या सुमारास फोन आला. "बाबा, मिळालं. मोठं आहे." आवाज कापत होता. रिचलंड काउंटीत आजोबांच्या भावाची शेती आहे, तिथपर्यंत पोचायला मला दीड तास लागला. तोवर पोट साफ करून हरीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेलं होतं. मी आधी त्या हरणाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. तो रडून मोकळा झालेला होता आणि ते लपवतही नव्हता. आजोबा मला एवढंच म्हणाले, की ज्या मुलाला पहिल्या वेळी काहीच वाटत नाही त्याला मी दुसऱ्यांदा नेत नाही.

मग कागदपत्रं. हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते, ऑनलाइन किंवा फोनवरून. लायसन्सबरोबर मिळालेला परवाना क्रमांक टाकायचा, नर की मादी, कोणत्या काउंटीत, खासगी जमीन की सरकारी, एवढं भरलं की कन्फर्मेशन नंबर येतो. पाच मिनिटांचं काम आहे. तो नंबर, लायसन्सची प्रत आणि त्या दिवशीचे दोन-चार फोटो एका पाकिटात घालून ठेवा. पुढे शिंगं मोजायला गेल्यावर पहिली विचारणा त्याचीच झाली.

दुसरं काम सीडब्ल्यूडीच्या तपासणीचं. हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली माउंट होरेबच्या परिसरातल्या हरणांत पहिल्यांदा सापडला आणि आता दक्षिणेच्या काउंट्यांत चांगलाच पसरला आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी आजारी हरणाचं मांस खाऊ नका असं सांगतात. तपासणी फुकट आहे. डीएनआरने, म्हणजे इथल्या निसर्गसंपदा खात्याने, रस्त्याकडेला पेट्या ठेवल्या आहेत. मानेच्या काही इंचांसकट मुंडकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, पेटीत टाकायचं. आता मुंडकं पेटीत टाकायचं तर शिंगं आधी काढून घ्यायला हवीत, आणि ती कशी काढायची यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

शिंगं दोन सुटी काढायची नसतात. कवटीच्या वरच्या भागासकट, एकाच तुकड्यात काढायची. आजोबांनी हाडं कापायची करवत घेतली, मुलाला मुंडकं घट्ट धरायला लावलं आणि मागच्या बाजूने, शिंगांच्या बरंच खाली, डोळ्यांच्या खाचांमधून आडवा काप घेतला. हाताच्या पंजाएवढा हाडाचा तुकडा निघाला, त्यावर दोन्ही शिंगं जशीच्या तशी उभी. कवटी मधोमध चिरली गेली असती तर शिंगांची अधिकृत मोजणीच बाद झाली असती. कारण दोन शिंगांमधलं अंतर मोजलं जातं, आणि चिरलेली कवटी थोडी फाकवून जोडली की ते अंतर हवं तितकं वाढवता येतं. गाडीच्या डिकीत मावत नाहीत म्हणून शिंगं मधून कापणारे लोक आहेत म्हणे. घाई करू नका, मागची सीट आडवी करा.

मांस कापून, पाकिटं करून देणाऱ्याने सव्वाशे डॉलर घेतले. तपासणीचा निकाल साधारण दोन आठवड्यांनी ऑनलाइन दिसला : आजार आढळला नाही. तोपर्यंत फ्रीझरला हात लावायचा नाही असं बायकोचं फर्मान होतं. त्या रात्री कराडहून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यातला खिमा झाला. या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तेल थोडं सढळ हाताने घालावं लागतं.

इकडे कवटीचा तुकडा स्वच्छ करायचा होता. घरातलं एकही पातेलं मिळणार नाही हे मला आधीच ऐकवण्यात आलं होतं. गराज सेलमधून ४ डॉलरचं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं, मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर ठेवलं, भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून पाणी मंद तापवलं. खळखळून उकळू द्यायचं नाही, आणि शिंगांची बुडं पाण्याबाहेर ठेवायची, नाहीतर त्यांचा तपकिरी रंग उतरतो. ब्लीच वापरायचं नाही, त्याने हाड ठिसूळ होतं. पांढरं करायचंच असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. ३ डिसेंबरला काम संपलं आणि तुकड्याला तारखेची चिठ्ठी बांधून शिंगं बेसमेंटमधल्या फळीवर ठेवली.

ही तारीख महत्त्वाची आहे, कारण मोजणीआधी शिंगं ६० दिवस साध्या खोलीच्या हवेत सुकलेली असावी लागतात. ओलं हाड सुकताना आकसतं. फार नाही, पण इंचाच्या आठव्या भागात हिशेब चालतो तिथे तेवढंही पुष्कळ. शिंगं फ्रीझरमध्ये होती किंवा कवटी उकळली असेल तर ६० दिवस त्यानंतर मोजायचे, शिकारीच्या दिवसापासून नाही. म्हणून आमची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपणार होती.

मधल्या काळात ज्याने त्याने फोटो बघून अंदाज सांगितले. मुलाच्या मित्राचे वडील म्हणाले, दीडशेच्या पुढे सहज. एका दुकानातल्या माणसाने फोनवरच्या फोटोवर बोट फिरवत एकशे पंचावन्न सांगितलं. मला या आकड्यांचा अर्थच माहीत नव्हता. दीडशे काय, किलो?

तो अर्थ असा. उत्तर अमेरिकेत शिंगं मोजण्याची जी पद्धत सगळे मानतात, ती बून अँड क्रॉकेट क्लबची. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला हा क्लब. मोठ्या प्राण्यांची तेव्हा या खंडावर बेसुमार कत्तल झालेली होती. बायसन जवळजवळ संपले होते आणि आज अंगणात येऊन फुलझाडं खाणारी ही व्हाइटटेल हरणंसुद्धा काही लाखांवर आली होती. हे प्राणी आता टिकत नाहीत, निदान त्यांची नोंद तरी राहावी, अशा विचाराने शिंगं गोळा करणं आणि मोजणं सुरू झालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात या शिंगांसाठी १९२२ मध्ये वेगळी इमारतच उघडली, आणि ती लोप पावणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या स्मरणार्थ होती. आजची मोजणीची पद्धत १९५० मध्ये ठरली. शिंगाच्या वेगवेगळ्या लांब्या, घेर आणि दोन शिंगांमधलं अंतर इंचांत मोजायचं, सगळ्याची बेरीज करायची, मग काही वजाबाक्या. जे उरेल तो स्कोअर. आपल्याकडच्या संस्थानी काळातल्या शिकारी लंडनच्या रोलंड वॉर्डच्या पद्धतीने मोजल्या जात. जुन्या वाड्यांतून सांबराच्या शिंगांखाली पितळी पट्टीवर इंच लिहिलेले दिसतात ते बहुतेक त्यातलेच, म्हणजे बाहेरच्या वळणावरून घेतलेली लांबी.

स्कोअरचा कोरा तक्ता क्लबच्या साइटवर फुकट मिळतो. तो छापून आम्ही घरी शिवणकामाच्या टेपने मोजून पाहिलं. आकडा १४६ च्या आसपास आला. कापडी टेप ताणली जाते आणि वळणावर घसरते, त्यामुळे तो आकडा कुणाला सांगायच्या लायकीचा नसतो. पण एकदा तरी असं मोजून बघाच. तक्त्यावरची अक्षरं कशाची आहेत हे आधी समजलं की मोजणीच्या दिवशी गोंधळ होत नाही.

अधिकृत मोजणी करणारे लोक स्वयंसेवक असतात. क्लबचं प्रशिक्षण घेऊन त्यांची नेमणूक होते आणि मोजणीचे ते पैसे घेत नाहीत. साइटवर राज्यवार यादी आहे. मी जानेवारीत मेल पाठवले. एकांचं उत्तरच आलं नाही, दुसरे हिवाळाभर फ्लोरिडात होते, तिसऱ्यांनी फोन केला. आवाजावरून वयस्कर वाटले, नंतर कळलं की निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी फोनवरच चौकशी केली : कवटी अखंड आहे ना? शिंग कुठे मोडून चिकटवलेलं नाही ना? सुकायला कधी ठेवलं? ६० दिवसांच्या आधी आलात तर चहा पाजून परत पाठवीन, असंही म्हणाले. शनिवार, १० फेब्रुवारी ठरला. जानेवारी ते मार्च त्यांच्याकडे गर्दी असते, तेव्हा डिसेंबरातच विचारून ठेवलं तर बरं.

त्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल होता. मुलाने उत्साहाने आजीला शिंगं दाखवली. मला वाटलं आता काही ऐकावं लागणार. ती चष्मा पुसून बघत म्हणाली, "आमच्या घरी साबरशिंगाचा तुकडा असायचा. पाठीत चमक भरली की सहाणेवर उगाळून लावायचो. हे चालेल का रे?" मी म्हटलं, आई, हे तिकडे आणताच येणार नाही. खरंच येणार नाही. वन्यप्राण्यांचे अवयव भारतात आणायला बंदी आहे, आणि कस्टमच्या माणसाला विस्कॉन्सिनचं लायसन्स दाखवून काही उपयोग होत नाही. भिंतीवर लावायला म्हणून बॅगेत टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडा.

मोजणीचं ठिकाण म्हणजे त्या गुरुजींचं गराज. हीटर लावलेला, लांबलचक टेबल, वरून पांढरा दिवा. टेबलावर पाव इंच रुंदीची लवचिक स्टीलची टेप, दोन्ही टोकांना पकड असलेली बारीक स्टीलची केबल, सुताराची घडीची पट्टी, चिकटपट्टी, पेन्सिल. त्यांनी शिंगं हातात घेतली, उलटी केली, कवटीच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला. चीर नाही याची खात्री करून घेतली. मग मुलाला म्हणाले, तू लिहायचंस, मी सांगेन. त्यांच्या पत्नीने आत्ताच भाजलेल्या कुकीज आणून ठेवल्या, पण गुरुजींनी बशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली.

पहिला नियम त्यांनी असा सांगितला की अपूर्णांकाचा संक्षेप करायचा नाही. अर्धा इंच म्हणजे ४/८ असंच लिहायचं. सगळं आठात ठेवलं की बेरजेत चूक होत नाही. कॅल्क्युलेटरवर वाढलेल्या मुलाला हे सुरुवातीला जड गेलं.

मग त्यांनी फाटे मोजायला घेतले. मुख्य दांडा पुढे वळत जातो आणि त्यावरून फाटे वर उभे राहतात. पहिला कपाळाजवळचा छोटा तो जी-१, मग जी-२, जी-३, जी-४. फाटा कुठून मोजायचा हाच कळीचा प्रश्न. फाटा तिथे नसता तर दांड्याची वरची कड कुठून गेली असती, ती रेघ पेन्सिलीने आखायची आणि तिथून टोकापर्यंत बाहेरच्या बाजूने मोजायचं. गुरुजी प्रत्येक फाट्याच्या दोन्ही बाजूंना टेप आडवी लावून, एक डोळा मिटून, ती रेघ आखत होते. एका फाट्याची रेघ त्यांनी पुसून परत काढली. फरक मला दिसलासुद्धा नाही, पण मोजल्यावर १/८ इंच कमी भरला. "हरणाला द्यायचं ते द्यावं, पण जास्त देऊ नये," म्हणाले.

फाटा म्हणायलाही अट आहे. लांबी निदान एक इंच हवी, आणि इंचभर लांबीवर तरी तो रुंदीपेक्षा लांब हवा. नाहीतर तो नुसता उंचवटा.

मुख्य दांड्याची लांबी बुडाशी असलेल्या खडबडीत कड्याच्या खालच्या कडेपासून, बाहेरच्या अंगाने, टोकापर्यंत. इथे केबल कामाला आली. वळणावर ती दांड्याला बिलगते, टोकाशी पकड लावून उचलायची आणि पट्टीवर सरळ धरायची. मग घेर. कडं आणि पहिला फाटा यांच्यामधली सगळ्यांत बारीक जागा शोधायची, तो एच-१. पहिल्या-दुसऱ्या फाट्यांमध्ये एच-२, आणि तसंच एच-४ पर्यंत. बारीक जागा शोधायला टेप वर-खाली सरकवून बघतात, जो सगळ्यांत लहान आकडा येतो तोच लिहायचा. चुकून मोठा घ्यायचा मोह होऊ नये म्हणूनच तसा नियम आहे, असं माझं मत झालं. शेवटी आतलं अंतर : दोन्ही दांड्यांमधली सगळ्यांत रुंद जागा, कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात. हे अंतर लांब दांड्यापेक्षा जास्त भरलं तर दांड्याच्या लांबीइतकंच धरतात.

आमच्या तक्त्यातले आकडे असे आले. उजवा दांडा २२ ३/८, डावा २१ ६/८. जी-१ उजवीकडे ४ २/८, डावीकडे ४ ७/८. जी-२ अनुक्रमे ९ १/८ आणि ८ ३/८. जी-३, ८ आणि ८ ५/८. जी-४ उजवीकडे ४ ४/८, डावीकडे फक्त १ ६/८. घेर दोन्हीकडे जवळजवळ सारखे, साडेतीन-चार इंचांच्या आसपास, आणि एच-१ तर दोन्हीकडे नेमका ४ ३/८. आतलं अंतर १६ ५/८. उजवी बाजू ६४, डावी ६० ७/८, अंतर मिळवून १४१ ४/८. याला ग्रॉस स्कोअर म्हणतात.

मुलाने तो आकडा लिहून पेन खाली ठेवला. गुरुजी म्हणाले, अजून वजाबाकी आहे.

पद्धत अशी की डावं आणि उजवं शिंग जितकं सारखं तितकं चांगलं मानायचं. प्रत्येक मापातला दोन बाजूंचा फरक वजा होतो. आमच्याकडे तो ५ ७/८ झाला, त्यातले २ ६/८ एकट्या डाव्या जी-४ मुळे. शिवाय उजव्या जी-२ च्या अंगावर १ ४/८ इंचाचं एक जादा टोक होतं. नेहमीच्या रचनेत न बसणारं, म्हणून तेही वजा. एकूण ७ ३/८ गेले आणि नेट स्कोअर राहिला १३४ १/८.

मुलाचा चेहरा उतरला. "बाबा, ते टोक तर मला सगळ्यांत आवडलं होतं." मलाही हे पटलं नाही. हरणाने वाढवलेलं हाड आहे, ते नाही कसं म्हणणार? मी तसं विचारलंसुद्धा. गुरुजींना हा प्रश्न नवा नसणार. ते म्हणाले, अशी टोकं खूप असलेल्या शिंगांसाठी दुसरा तक्ता आहे, नॉन-टिपिकल, त्यात ती मिळवतात. आणि मग डाव्या बाजूचा तो छोटा जी-४ बोटाने दाखवत म्हणाले, शिंग दरवर्षी गळतं आणि उन्हाळ्यात नवं येतं. मखमली कातडीखाली वाढत असताना ते मऊ असतं, तेव्हा कुठे धक्का लागला असेल किंवा नसेलही. सारखेपणाला मान देणारा नियम माणसांनी ठरवला, हरणांना त्याची कल्पना नाही. मी अजूनही ग्रॉस आकड्याच्या बाजूचा आहे. वाढलेलं सगळं मोजावं, आणि सारखेपणाचं कौतुक हवं तर वेगळ्या रकान्यात करावं.

१३४ १/८ म्हणजे कुठे? क्लबच्या दर तीन वर्षांच्या नोंदीत बसायला टिपिकल, म्हणजे आमच्यासारख्या नेहमीच्या रचनेच्या, व्हाइटटेलला १६० लागतात, कायमच्या नोंदवहीत १७०. नॉन-टिपिकलला १८५ आणि १९५. धनुष्यबाणाच्या शिकारीची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब १२५ ला घेतो, पण आमची शिकार बंदुकीची. थोडक्यात, कुठेच नाही. गुरुजींनी ते सरळ सांगितलं आणि लगेच पुढे, की इथे येणारे बहुतेक जण कुठेच नसतात. एखाद्याचा आकडा नोंदीच्या जवळ गेला तर पुढे क्लबची प्रवेश फी, तिन्ही बाजूंनी काढलेले फोटो, लायसन्सच्या प्रती आणि सचोटीने शिकार केल्याचं सहीचं निवेदन लागतं. कुंपणात कोंडलेलं हरीण मारलेलं चालत नाही.

कागदांवरून त्यांनी एक गोष्ट सांगितली, विस्कॉन्सिनमधली जुनी आणि बऱ्याच जणांना ठाऊक असलेली. जेम्स जॉर्डन नावाच्या माणसाने १९१४ मध्ये डॅनबरीजवळ एक प्रचंड हरीण मारलं. मुंडकं पेंढा भरायला दिलं, तो पेंढा भरणारा गाव सोडून गेला आणि मुंडकं हरवलं. काही दशकांनी मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ते कुणीतरी ३ डॉलरला घेतलं. मोजल्यावर २०६ १/८ भरलं, तेव्हाचा टिपिकल व्हाइटटेलचा जागतिक विक्रम. जॉर्डनने ते ओळखलं, पण हे माझं आहे हे सिद्ध करण्यात वर्षं गेली. क्लबने त्याचं नाव मान्य केलं १९७८ च्या डिसेंबरात, आणि तो त्याच्या दोन महिने आधी वारला होता. हा विक्रम १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मिळालेल्या, २१३ ५/८ भरलेल्या शिंगांनी मोडला. गोष्ट संपवून गुरुजी आमच्या पाकिटातला कन्फर्मेशन नंबर तक्त्याच्या मागे लिहायला सांगून मोकळे झाले.

सगळ्याला सव्वा तास लागला. सही केलेल्या तक्त्याची प्रत मिळाली. पैसे घेत नाहीत हे माहीत होतं, म्हणून बायकोने बेसनाचे लाडू दिले होते. त्यांनी एक लगेच खाल्ला आणि मग हात धुऊन आले, पुढचा माणूस बाहेर गाडीत शिंगं घेऊन थांबलेला होता.

एकूण खर्च धरला तर मोजणीचा खर्च शून्य, पेट्रोल सोडून. पातेल्याचे ४, मांसाचे सव्वाशे, कपड्यांचे दीडशे, कोर्स आणि लायसन्स मिळून १५ डॉलर. स्टीलची टेप आम्ही नंतर १२ डॉलरला घेतली, कारण मार्चमध्ये मुलाला रानात एक गळलेलं शिंग सापडलं. एकट्या गळलेल्या शिंगाची अशी अधिकृत नोंद होत नाही, दोन शिंगांमधलं अंतर कशावरून धरणार? गळलेलं शिंग इथे परवान्याशिवाय उचलता येतं. पण कवटीसकट मेलेलं हरीण सापडलं तर हात लावण्याआधी डीएनआरला फोन करायचा.

हरणाची शिंगं सध्या बेसमेंटच्या जिन्याजवळ आहेत. हॉलमध्ये नको, असं ठरलं. त्यांच्याशेजारी गुरुजींचा तक्ता फ्रेम करून लावायचा की नाही यावर घरात वाद चालू आहे. मुलाला लावायचाय, पण ग्रॉसचा आकडा वर आणि नेटचा खाली. बायको म्हणते, दोन्ही लिही, आणि खिमा किती किलो झाला तेही लिही.